पार्ट-टाइम सीएमआयओ म्हणजे काय? छोट्या हॉस्पिटलला त्याची गरज का पडते?

डॉक्टर समोरच्या स्क्रीनवर औषधं टाइप करताना तुम्ही पाहिलंच असेल. ती स्क्रीन कशी असावी हे कोण ठरवतं? बऱ्याचदा माझ्यासारखा इंजिनिअर, ज्याने आयुष्यात एकही पेशंट तपासलेला नाही.

माझाच किस्सा सांगतो. पहिल्या नोकरीत मी एका छोट्या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर काम करायचो. औषधांची लांब नावं चौकटीबाहेर जात होती, म्हणून मी ती २० अक्षरांवर कापली. स्क्रीन एकदम नीटनेटकी! पण मुलांचं पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीमागे १२५ मिग्रॅ आणि २५० मिग्रॅ अशा दोन्ही ताकदींत मिळतं. माझ्या यादीत दोन्ही सारखीच दिसायला लागली. एका बाळाला दुप्पट डोस जाणार होता, पण सिस्टरांनी बाटलीवरचं लेबल वाचलं म्हणून टळलं. टेस्टिंगमध्ये सगळं पास होतं, बरं का.

अशी चूक आधीच पकडणारा माणूस म्हणजे चीफ मेडिकल इन्फॉर्मेशन ऑफिसर, अर्थात सीएमआयओ. हा स्वतः डॉक्टर असतो आणि त्याला सॉफ्टवेअरही कळतं. अमेरिकेत २००९ च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नीट वापरणाऱ्या हॉस्पिटलांना पैसे देऊ केले, तेव्हा या पदाला जोर आला. २०११ मध्ये तिथे क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्स ही डॉक्टरांसाठी अधिकृत उपशाखा झाली.

मोठी हॉस्पिटलं पूर्णवेळ माणूस ठेवतात. पण तिथल्या गावाकडच्या 'क्रिटिकल ॲक्सेस' हॉस्पिटलांना जास्तीत जास्त २५ खाटांची मर्यादा असते. त्यांना पूर्ण पगार कसा परवडणार? मग आठवड्यातून काही तासांसाठी डॉक्टर घेतात. एकच डॉक्टर दोन-तीन हॉस्पिटलं सांभाळतो, बरंचसं काम व्हिडिओ कॉलवर.

त्याचं एक महत्त्वाचं काम म्हणजे नको ते अलर्ट बंद करणं. प्रत्येक औषधाला लाल पॉपअप आला, की डॉक्टर न वाचताच 'ओके' दाबतात. आपण ॲपच्या अटी वाचतो तसंच! त्यात खरा धोक्याचा इशाराही निघून जातो. कुठला अलर्ट ठेवायचा हे मला कोड बघून कधीच कळणार नाही. मात्र या डॉक्टरला बदल थांबवण्याचा अधिकार हवा, नाहीतर तो नुसताच सल्लागार.

आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. तुमच्या १४ अंकी आभा नंबरला जोडलेला रेकॉर्ड तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. म्हणजे एका क्लिनिकमधली चुकीची नोंदही सोबत जाणार.

आमच्या हॉस्पिटलने पुढे साधा उपाय केला. तिथल्या बालरोगतज्ज्ञ मॅडम दर शनिवारी दोन तास माझ्या शेजारी बसायच्या. पहिल्याच शनिवारी त्यांनी औषधाची ताकद नावाच्या आधी, ठळक अक्षरांत घ्यायला लावली. स्क्रीन जरा गिचमिड दिसते, पण ती अजून तशीच आहे.