दमा : श्वास आत जातो, अडतो तो बाहेर पडताना

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाहविकार आहे. अमेरिकेत सुमारे अडीच कोटी लोकांना, म्हणजे साधारणपणे १३ जणांमागे एकाला, तो आहे. मराठी घरांत मात्र ‘दमा’ हा शब्द बहुधा धाप लागण्याच्या झटक्यापुरताच वापरला जातो आणि झटका ओसरला की आजारही गेला असे मानले जाते. उपचारांतील अनेक चुकांचे मूळ या समजुतीत आहे.

श्वासात नेमके काय बिघडते?

फुफ्फुसांत शिरलेली श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाते. दमा असलेल्या व्यक्तीत या नलिकांचे अस्तर, त्रास जाणवत नसतानाही, काहीसे सुजलेले आणि अतिसंवेदनशील असते. परागकण, धूर, धूळ, थंड हवा, सर्दी किंवा व्यायाम यांचे निमित्त होताच नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तराची सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. मार्ग थोडा अरुंद झाला तरी परिणाम मोठा होतो. संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा १६ पट वाढतो.

श्वास घेताना नलिका किंचित रुंदावतात, सोडताना आकुंचन पावतात. त्यामुळे दम्यात खरी अडचण उच्छ्वासात येते. जुनी हवा आत अडकते, फुफ्फुसे फुगलेलीच राहतात आणि नव्या हवेला जागा उरत नाही. अरुंद वाटेतून हवा जाताना शिट्टीसारखा आवाज येतो. तीव्र झटक्यात रुग्ण थकत चालला असताना हा आवाज अचानक थांबला, तर ती सुधारणा नव्हे. हवा जवळजवळ वाहतच नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

निदानासाठी स्पायरोमेट्री ही मुख्य चाचणी आहे. जोराने सोडलेल्या श्वासात पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडते, हे तीत मोजतात. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावर प्रौढ व्यक्तीत हे प्रमाण किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढले, तर दम्याच्या निदानाला बळकटी मिळते.

दोन औषधे, दोन कामे

भारतात ‘सालब्युटामॉल’ आणि अमेरिकेत ‘अल्ब्युटेरॉल’ म्हणून ओळखले जाणारे औषध एकच आहे. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम साधारण ४ ते ६ तास टिकतो. मात्र सूज त्याने कमी होत नाही. ते काम बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारख्या, श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचे.

केवळ तात्पुरत्या आरामाच्या इन्हेलरवर विसंबल्यास आत दाह वाढत राहतो. म्हणूनच ‘जिना’ या जागतिक दमा उपक्रमाने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ असे इन्हेलर देऊ नये, अशी शिफारस केली. अल्ब्युटेरॉल आणि बुडेसोनाइड एकत्र असलेल्या, गरजेनुसार घ्यायच्या इन्हेलरला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये १८ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली.

‘इन्हेलरची सवय लागते’ ही भीती आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः इन्हेलरमधील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचत असल्याने त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते; पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये मोजतात. स्टेरॉइडच्या इन्हेलरनंतर चूळ भरल्यास तोंडातील बुरशीसंसर्गाचा धोका कमी होतो. आरामाचे इन्हेलर आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल, तर ते सवय लागल्याचे लक्षण नसून दमा आटोक्यात नसल्याचे आहे.

अमेरिकेतील ऋतू आणि हवा

इथे वसंतात वृक्षांचे, उन्हाळ्यात गवताचे आणि ऑगस्टच्या मध्यापासून पहिल्या हिमतुषारापर्यंत रॅगवीडचे परागकण हवेत असतात. महाराष्ट्राला परिचित असलेले गाजरगवत रॅगवीडच्याच कुळातले आहे. एकाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांना दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. शाळा सुरू झाल्यावर सर्दीचे विषाणू पसरतात आणि सप्टेंबरमध्ये मुलांचे झटके वाढतात.

वणव्यांचा धूर हे आणखी एक कारण. जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले, तेव्हा दम्यासाठी आपत्कालीन कक्षात येणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. ‘एअरनाऊ’ या सरकारी संकेतस्थळावरील हवेचा निर्देशांक १०० च्या वर गेल्यास दमा असलेल्यांनी बाहेरचे श्रम कमी करावेत.

घरात काय असावे?

रोजची औषधे, त्रास वाढल्यावरची पावले आणि रुग्णालयात जाण्याची वेळ हे सारे नोंदवलेला ‘कृती आराखडा’ डॉक्टरांकडून लेखी घ्यावा. त्याची एक प्रत मुलाच्या शाळेत द्यावी. आवश्यक परवानगी असल्यास विद्यार्थ्याला स्वतःजवळ इन्हेलर बाळगू देणारे कायदे अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत आहेत. भारतातून येणाऱ्या आईवडिलांनी औषधांच्या मूळ नावांसह डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. प्रवासी विम्यात जुन्या आजारांवर अनेकदा मर्यादा असतात, त्यामुळे अटी आधीच वाचाव्यात.

एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा इन्हेलर घेऊनही आराम पडत नसेल, तर वाट न पाहता ९११ वर फोन करावा.