ब्रिजपोर्टच्या शाळांतले दात

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं ब्रिजपोर्ट हे कारखान्यांचं शहर. १९०६ साली तिथले दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या दवाखान्यातल्या मदतनीस, नात्यातल्याच आयरीन न्यूमन, यांना दातांवरचे थर आणि डाग काढायला शिकवलं. हत्यारं साधीच होती: कीटण खरवडायच्या आकड्या, आणि मुठीत बसवलेली संत्र्याच्या लाकडाची काडी. ती प्यूमिसच्या बारीक पुडीत बुडवून एकेक दात घासायचा.

हे काम नवं नव्हतं. कॉर्डोबाचे शल्यवैद्य अल्-जहरावी यांनी हजारेक वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात कीटण खरवडण्याच्या हत्यारांचा अख्खा संच चित्रांसह दिला होता. तरी पुढे शतकानुशतकं दात उपटणं हीच दंतवैद्याची मुख्य ओळख राहिली, साफसफाई किरकोळ कामात गेली. १८९० मध्ये विलबी मिलर यांनी तोंडातल्या जंतूंवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अन्नातल्या पिठूळ-गोड अंशापासून जंतू आम्ल बनवतात आणि त्यानं दात विरघळतो, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे ज्या थराकडे कुणी लक्ष देत नव्हतं, तिथंच किडीचं मूळ होतं.

फोन्स यांचं मोठेपण हे, की त्यांनी ही सफाई दवाखान्याच्या खुर्चीपुरती ठेवली नाही. १९१३ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला. हार्वर्ड, येल, कोलंबिया अशा विद्यापीठांतले प्राध्यापक तिथे शिकवायला आले. पुढच्या वर्षी २७ जणी उत्तीर्ण झाल्या आणि त्यांतल्या काही थेट ब्रिजपोर्टच्या सरकारी शाळांत गेल्या. तिथे त्या मुलांचे दात घासून लखलखीत करत, तोंडातल्या स्थितीची तक्त्यावर नोंद ठेवत आणि ब्रश कसा धरायचा तेही शिकवत. किडीवरचा उपचार मात्र दंतवैद्याकडेच. १९१७ मध्ये न्यूमन यांना रीतसर परवाना मिळाला. डेंटल हायजिनिस्टचा हा जगातला पहिला परवाना मानला जातो.

कीड तपासण्याआधी दात स्वच्छ का करायचा, याचं उत्तर दाताच्या कवचातच आहे. कीड सुरू होते तेव्हा कवचातून क्षार झिरपून जातात आणि सूक्ष्म छिद्रं पडतात. दात ओला असेपर्यंत त्यांत पाणी भरलेलं असतं, म्हणून काहीच वेगळं दिसत नाही. हवेच्या झोतानं दात सुकवला की छिद्रांत हवा शिरते आणि तिथे खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो. त्यावर थर असेल तर तो झाकलेलाच राहतो. आज प्रचलित असलेल्या आयसीडीएएस या कीड ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत दात स्वच्छ करून, मग साधारण पाच सेकंद हवेनं सुकवून पाहायला सांगतात. या टप्प्यावर कीड सापडली, तर बहुधा ड्रिल न लावता ती थोपवता येते.

महाराष्ट्रात याचं महत्त्व दुप्पट आहे. तव्यावर तंबाखू करपवून केलेली मिश्री बोटानं दातांना लावायची सवय खेड्यापाड्यांतल्या कित्येक बायकांना वर्षानुवर्षं आहे. तिचा काळा डाग खाचांत बसला, की त्याखाली कीड आहे की नाही हे वरून ओळखणं अनुभवी डोळ्यालाही अवघड जातं. मिश्रीमुळे कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच, आणि तो पॉलिश करून जात नाही.

भारतात १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टनं दंतवैद्यांबरोबर डेंटल हायजिनिस्टच्याही नोंदणीची तरतूद केली. तरी आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत सफाईचं काम आजही दंतवैद्य स्वतःच करतात.