वेगवान हार्ड डिस्क व जुना नियंत्रक
हार्ड डिस्क तिच्याहून संथ पिढीच्या नियंत्रकाला जोडण्याची व्यवस्था. डिस्क व नियंत्रक यांमधील साटा जोडणी २००३ मध्ये १.५ गिगाबिट वेगाने आली. २००९ मध्ये तो ६ गिगाबिट झाला. पिढ्या परस्परांशी जुळतात, वेग मात्र संथ बाजूचा राहतो. दहातील दोन बिटे संकेतनात खर्ची पडल्याने सेकंदाला अनुक्रमे १५० व ६०० मेगाबाइटच उरतात. फिरत्या डिस्कला विखुरलेल्या वाचनात ही मर्यादा क्वचितच जाणवते. सलग नोंदणीत जाणवते. उदाहरणार्थ, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला (पहा: रेडिओ खगोलशास्त्र) ३० अँटेना असून प्रत्येकीचे दोन ध्रुवण-संकेत मिळतात. ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ८ बिटांत साठवल्यास प्रत्येक संकेताला सेकंदाला ६४ मेगाबाइट लागतात. सुधारित दुर्बिणीच्या ४०० मेगाहर्ट्झ पट्ट्याला ८००, म्हणजे ६ गिगाबिटच्या एका जोडणीलाही न पेलणारे.