रबरी बुशाचं कूळ

पवनेचं पाणी रावेतला उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात चढवल्याशिवाय पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक नळांना धार लागत नाही, आणि १९६० साली स्थापन झालेल्या केएसबीचा पंपांचा कारखानाही पिंपरीतच आहे. अशा गावात पंपाचं एक दुर्लक्षित अंग निरखायला हवं. खोलातून उपसा करणाऱ्या व्हर्टिकल टर्बाइन पंपाचा लांबलचक शाफ्ट अनेकदा रबरी बुशांत फिरतो: बाहेर धातूचं कवच, आत रबर, रबरावर वरपासून खालपर्यंत खाचा. तेल नाही, ग्रीस नाही. उपसलं जाणारं पाणीच वंगण. कोरडं रबर शाफ्टला धरतं आणि जळतं, म्हणून पाण्याच्या पातळीच्या वरचे बुश पंप सुरू करण्याआधी पाणी सोडून भिजवतात.

याची प्रचलित जन्मकथा १९२०च्या दशकातली. कॅलिफोर्नियातल्या खाणीत पंपाचं बेअरिंग झिजलं, चार्ल्स शेरवुड या अभियंत्याने वेळ मारून नेण्यासाठी रबरी नळीचा तुकडा बसवला, आणि तो धातूपेक्षा जास्त टिकला. पुढे गुडरिच कंपनीने हा माल जहाजांपर्यंत पोचवला. पण नळी आतून गुळगुळीत असते; मग खाचा आल्या कुठून? माझ्या मते जॉन पेनकडून. या इंग्रज कारखानदाराने १८५४ साली आगबोटीच्या पंख्याच्या शाफ्टसाठी लिग्नम व्हिटे या कठीण लाकडाच्या पट्ट्या बसवल्या, आणि पट्ट्यांच्या मधून समुद्राच्या पाण्याला वाट ठेवली.

यावर आक्षेप असा, की त्या लाकडात राळ असते. खरं वंगण तीच, पाणी नुसता गारवा देतं. पण रबरात राळ नाही, तरी शाफ्ट चालतो. फिरता शाफ्ट पाणी फटीत ओढतो, मऊ रबर दबून त्याला पसरू देतं, आणि शाफ्ट त्या पातळ थरावर उचलला जातो. वाळूचा कण रबरात रुततो, लोळत खाचेत पडतो नि वाहून जातो. अशा थराचं गणित रेनॉल्ड्स या अभियंत्याने मांडलं ते १८८६ साली, पेनची वाट रुळल्यावर. सुरू होताना थर जमलेला नसतो, तेव्हा पृष्ठभागाचाच गुण कामी येतो, हे मान्य. मात्र २००३ साली याकोब क्लाइन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात विद्युतभारित पॉलिमर-साखळ्यांचं लेपन घर्षण अत्यंत कमी करतं असं दाखवलं, तेव्हा त्यामागेही साखळ्यांनी धरून ठेवलेलं पाणीच निघालं. शेरवुडने पेनचं नाव ऐकलं नसेलही. पण जहाजवाल्यांना बुश विकणाऱ्यांना पेनच्या पट्ट्या ठाऊक नसणं अशक्य. रबर खाणीतून आलं, खाचा बंदरातून आल्या.