अर्धायुष्य आणि अंतर : कर्करोगशोधक किरणोत्सारी द्रव्यांच्या भारतीय इतिहासाचा एक विचार

भारतातील अणुऊर्जेचा इतिहास बहुधा वीजनिर्मिती आणि अणुस्फोट या दोन विषयांभोवतीच लिहिला गेला आहे. त्याच कार्यक्रमातून रुग्णालयात पोहोचलेल्या किरणोत्सारी द्रव्यांची दखल मात्र फारशी घेतली गेलेली नाही. शरीरातील कर्करोगाची गाठ शोधणाऱ्या या द्रव्यांच्या घडणीचा मागोवा चाकूरसारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मुंबईपासून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, लातूर-नांदेड रस्त्यावर वसलेले हे गाव येथे निमित्तमात्र नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

किरणोत्सारी अणूचा उपयोग 'मागोवा' घेण्यासाठी करता येतो, ही कल्पना जॉर्ज हेवेशी यांची. 1923 मध्ये त्यांनी किरणोत्सारी शिशाच्या साहाय्याने वनस्पतीतील वहनाचा अभ्यास केला. भारतात ही विद्या रुजण्यास 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झालेली 'अप्सरा' आणि 1960 मध्ये सुरू झालेली 'सायरस' या अणुभट्ट्या कारणीभूत ठरल्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाच्या प्रशासनाखाली आले आणि 1963 मध्ये त्याच परिसरात 'रेडिएशन मेडिसिन सेंटर' स्थापन झाले. अणुभट्टी आणि रुग्णशय्या एकाच विभागाच्या अखत्यारीत असणे, ही डॉ. होमी भाभा यांच्या काळातील घटना या इतिहासात निर्णायक मानावी लागेल.

आरंभीची द्रव्ये साधी होती. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीन स्वतःच ओढून घेते. त्यामुळे किरणोत्सारी आयोडीन दिले की काम भागत असे. इतर अवयव एवढे उदार नाहीत. त्यांच्यासाठी दोन अंगांचा रेणू घडवावा लागतो : एक अंग गाठीची ओळख पटविणारे, दुसरे किरण देणारे. धातूचा अणू वापरायचा झाल्यास त्याला चिमट्यासारखा धरून ठेवणारा रासायनिक दुवाही लागतो. टेक्नेशियम-99एम हा असा धातू. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. परंतु त्याचा जनक मॉलिब्डेनम-99 मात्र 66 तासांत निम्मा होतो. म्हणून मॉलिब्डेनम दूरवर पाठवावे आणि टेक्नेशियम जागेवरच वेगळे काढून घ्यावे, अशी 'जनित्रा'ची युक्ती अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत 1950 च्या दशकाअखेर साधली गेली. पुढे 1971 मध्ये सुब्रमण्यम व मॅकॅफी यांनी टेक्नेशियमला फॉस्फेटवर्गीय रेणूची जोड दिली आणि हाडांत पसरलेला कर्करोग दिसू लागला.

यानंतरची मोठी घडण ग्लुकोजची. कर्कपेशी साखर अधिक खाते, हे ओटो वार्बुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखविले होते. ग्लुकोजच्या रेणूतील एका हायड्रॉक्सिल गटाच्या जागी फ्लोरिन-18 बसविले असता पेशी तो रेणू आत घेते, त्यावर पहिली प्रक्रियाही करते. पुढची मात्र करू शकत नाही. रेणू आतच अडकतो आणि गाठ उजळते. 1976 मध्ये मानवावर प्रथम वापरल्या गेलेल्या या 'एफडीजी'साठी भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळच्या याच केंद्रात उभे राहिले.

येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य 110 मिनिटांचे आहे. मुंबईहून रस्त्याने दहा तासांचा प्रवास धरल्यास चाकूरला पोहोचेपर्यंत त्यातील जेमतेम सव्वादोन टक्के उरेल. तेवढ्याच वेळात मॉलिब्डेनम सुमारे 90 टक्के शिल्लक असते. श्रेष्ठ प्रतिमा देणारे द्रव्य महानगराजवळ आणि जुने द्रव्य जिल्ह्याच्या ठिकाणी, ही विभागणी केवळ शासकीय धोरणातून आलेली नाही. ती अणूच्या आयुष्यातूनही आली आहे. अर्थात, धोरणाला त्यामुळे सूट मिळते असे नाही.

एफडीजीचा आणखी एक दोष आपल्याकडे विशेष जाणवतो. क्षयरोगाच्या गाठीही साखर ओढतात आणि कर्करोगाप्रमाणेच चमकतात. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात केवळ चमक पाहून निदान करणे धोक्याचे होय. तेथे गाठीचा तुकडा तपासण्यास पर्याय नाही. नव्या शोधक रेणूंनी म्हणूनच साखरेऐवजी पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिने हेरण्याचा मार्ग धरला. चेता-अंतःस्रावी गाठींसाठी 'डोटाटेट' आणि पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी 'पीएसएमए'ला चिकटणारे रेणू हे त्याचे फलित. त्यांना जोडले जाणारे गॅलियम-68 अवघ्या 68 मिनिटांत निम्मे होते. परंतु त्याचा जनक जर्मेनियम-68 निम्मा होण्यास 271 दिवस लागतात. एकदा आणलेले जनित्र वर्षभराच्या आसपास चालते आणि सायक्लोट्रॉनची गरज उरत नाही. जनित्राची किंमत मात्र लहान रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची आहे.

एफडीजीच्या तपासणीपूर्वी चार ते सहा तास उपाशी राहावे लागते आणि रक्तातील साखरही आटोक्यात असावी लागते. चाकूरहून पहाटेच्या गाडीने निघणाऱ्या मधुमेही रुग्णाला बसस्थानकावरचा चहा टाळून, औषधाची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून, तपासणी केंद्रापर्यंत उपाशीपोटी प्रवास करावा लागतो.