वयात येण्याचे ज्ञान : 'बहिश्ती जेवर' आणि 'समाजस्वास्थ्य'

हैदराबादचा बेगम बाजार ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ. उर्दू, मराठी, तेलुगू आणि मारवाडी या भाषा येथे शेजारी नांदतात. १९४८ पर्यंत मराठवाडाही निजामाच्या राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे वयात येण्याविषयीच्या लेखनाचा इतिहास पाहताना उर्दू व मराठी ही दोन्ही दालने उघडणे आवश्यक ठरते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मौलाना अशरफ अली थानवी यांनी मुलींसाठी 'बहिश्ती जेवर' लिहिले. मासिक पाळी (हैज) आणि स्नान (गुस्ल) यांचे नियम त्यात आडपडदा न ठेवता दिले आहेत. हनफी मतानुसार हैजची किमान मुदत तीन दिवस आणि कमाल दहा दिवस. नऊ वर्षांपूर्वीचा रक्तस्राव हैज मानला जात नाही. शिकविणारा पुरुष असेल तर संकोचाचे विषय त्याने वगळावेत किंवा पत्नीमार्फत समजावून द्यावेत, अशी सूचनाही थानवींनी केली. वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची अडचण त्यांनी बरोबर ओळखली होती. मुलांबाबतही फिक्हची भूमिका निर्भय आहे. स्वप्नावस्था हे वयात आल्याचे लक्षण असून त्यात पाप नाही, गुस्ल पुरेसे असते.

मात्र या वयातील भीती, आकर्षण आणि अपराधीपणा यांची चर्चा अशा नियमग्रंथांचा विषय नव्हता. मराठीत ते काम गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी हाती घेतले. जुलै १९२७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात ते वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीर खंगते ही समजूत त्या काळी डॉक्टरांमध्येही रूढ होती. कर्वे यांनी ती फेटाळली. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी कर्वे यांना दंड झालाच. मासिक मात्र त्यांनी १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविले.

या दोन लेखनांचे भवितव्य वेगळे का झाले? शरीराचे नियम सांगण्यास समाजाची हरकत नव्हती. इच्छेविषयी बोलण्यास होती. धर्म हे त्याचे कारण म्हणता येत नाही, कारण कर्वेंना शिक्षा देणारे न्यायालय ब्रिटिश कायद्याचे होते. पुढे २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखला गेला, तेव्हाही आक्षेप अश्लीलतेचाच होता.