पाटावरून उठताना

गेल्या भाऊबिजेची गोष्ट. आत्याने अण्णांना ओवाळले, तबकात ओवाळणी पडली, मुले करंज्यांकडे धावली. पण अण्णा पाटावरून उठेनात. एक हात भुईला टेकला, दुसरा माझ्या खांद्यावर आला, तेव्हा कुठे ते उभे राहिले.

आत्याने तबक खाली ठेवून विचारले, "दादा, हल्ली जेवतोस तरी काय रे?"

"सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात, रात्री पेज. मास्तरांची आज्ञा!"

मास्तर म्हणजे मीच. म्हातारपणी पोट हलके ठेवावे, हा नियम घरात मीच लागू केला होता. मी ओशाळलो आणि सवयीप्रमाणे पुस्तकांकडे वळलो. तेथे सापडलेला इतिहास एखाद्या कादंबरीहून कमी नाही.

१८३८ साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने 'प्रोटीन' हे नाव प्रसिद्ध केले. ते सुचवले होते स्वीडनच्या बर्झेलियसने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पहिल्या मानाचे. आपल्या 'प्रथिना'तही 'प्रथम' ऐकू येतोच. पुढे जर्मनीच्या लीबिगने सांगितले की, स्नायू काम करतात ते स्वतःतले प्रथिन जाळून.

हे पडताळण्यासाठी १८६५ साली फिक आणि विस्लिसेनस हे झुरिकचे दोन प्राध्यापक आल्प्समधील फाउलहॉर्न पर्वत चढले. खायला पिठुळ वड्या, प्यायला साखरेचा चहा. प्रथिन जवळजवळ नाहीच. चढाईच्या काळातील लघवी तपासून त्यांनी दाखवले की, शरीरात जळालेल्या प्रथिनातून एवढे श्रम निघणे शक्यच नाही. लीबिग चुकला होता.

वाचून मी क्षणभर सुखावलो. अण्णांच्या चहा-खारीला थेट आल्प्सचा दाखला! पण ते दोघे तिशीतले होते आणि त्यांचे पथ्य थोड्या वेळाचे. चुलीला सरपण कसलेही चालते. झिजलेली चूल लिंपायला मात्र मातीच हवी. ती माती म्हणजे प्रथिन.

माती किती लागते, यावर मोठा वाद झाला. म्युनिकच्या फॉइटने कष्टकऱ्याला दिवसाला ११८ ग्रॅम सांगितले. अमेरिकेतील येलच्या चिटेंडेनने १९०४ साली, त्याच्या निम्म्यानेही भागते, असे मांडले. त्याच्या प्रयोगांत प्राध्यापक होते, सैनिक होते, खेळाडू होते. पाटावर अडकलेले अण्णा कोणाच्याच हिशेबात नव्हते.

म्हाताऱ्यांच्या या झिजेला नाव मिळायला १९८९ साल उजाडले. अमेरिकेतील रोझेनबर्ग यांनी तिला 'सार्कोपेनिया', म्हणजे मांसाचा ऱ्हास, म्हटले. उतारवयात तेवढेच प्रथिन खाल्ले तरी स्नायू पूर्वीसारखी दाद देत नाहीत. म्हणून २०१३ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पासष्टीपुढील माणसांना वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिन सुचवले. मूत्रपिंडे अधू असतील त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अण्णांचे वजन ५० किलो. म्हणजे ५० ते ६० ग्रॅम हवे. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पेलाभर दुधात तेवढेच, अंड्यात सहा. माझ्या पेजेत जवळजवळ काहीच नाही! मी वडिलांना हलके नव्हे, उपाशी ठेवले होते.

पण नुसते खाऊनही भागत नाही. १९९४ साली बोस्टनच्या डॉक्टर फियातारोने यांनी वृद्धाश्रमातील १०० जणांवर प्रयोग केला. सरासरी वय ८७. दहा आठवडे पायांचे जड व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीवर गेली. ज्यांना नुसता पूरक आहार दिला, त्यांना त्याचा गुण आला नाही.

आता आमच्याकडे सकाळी मुगाचे धिरडे, दुपारी उसळ आणि ताक, रात्री पिठले असते. संध्याकाळी अण्णा खुर्चीवरून दहा वेळा उठतात-बसतात, आणि दर वेळी मला एक शिवी देतात. मी ती मोजणीत धरतो.

यंदाच्या भाऊबिजेला पाट मांडणार आहे. भुईला हात टेकला तरी चालेल; माझा खांदा मात्र त्यांना लागू नये, एवढीच इच्छा.